मायस्थेनिया असताना दाढ काढायची आहे: जागा बधिर करायचं इंजेक्शन चालतं का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याच्या आईंचं वय ५४, वजन ५२ किलो. चार वर्षांपासून मायस्थेनिया ग्रेव्हिस, म्हणजे स्नायू लवकर थकण्याचा आजार आहे. पायरिडोस्टिग्मिनची ६० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा आणि सकाळी प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) १० मिलिग्रॅम चालू आहे. खालची उजवी दाढ किडून दुखते आहे, पण सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावात ‘स्नायूंचा आजार आहे, भूल देता येणार नाही, पुण्याला न्या’ असं सांगण्यात आलं. शिवाय मामेभावाच्या अकरा वर्षांच्या मुलाला ड्यूशेन (स्नायू झिजत जाण्याचा जन्मजात आजार) आहे, त्याच्या पायाच्या अंगठ्याचं नख मांसात रुतलंय, आणि तिथंही तेच उत्तर मिळालं.

दोन्ही ठिकाणी इंजेक्शन चालतं. चालतं एवढंच नाही, या आजारांत पूर्ण भुलीपेक्षा जागा बधिर करून काम उरकणं जास्त सुरक्षित असतं. ‘भूल’ हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, त्यातून अर्धा घोळ होतो. स्नायूंच्या रुग्णाला जिची खरी भीती असते ती पूर्ण भूल, आणि त्यातही तिच्यातली ठरावीक औषधं. जागा बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचं इंजेक्शन त्या यादीत नाही.

तरीही हा समज अगदीच हवेतून आलेला नाही. नस आणि स्नायू जिथे भेटतात तिथे नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन सुटतं आणि स्नायूवरच्या ग्राहींवर जाऊन बसतं, तेव्हा स्नायू आवळतो. मायस्थेनियात शरीराचीच प्रतिपिंडं या ग्राहींची संख्या घटवतात. लिग्नोकेन रक्तात भरपूर प्रमाणात गेलं तर ॲसिटिलकोलीन सुटणंही कमी होतं आणि स्नायूच्या पडद्याची उत्तेजित होण्याची ताकदही. निरोगी माणसाच्या ते लक्षातही येत नाही, त्याच्याकडे राखीव साठा मोठा असतो. मायस्थेनियाच्या रुग्णाकडे तो नसतो. पण यातला कळीचा शब्द ‘भरपूर’ हा आहे, म्हणून आधी हिशोब करू.

सुरक्षित मर्यादा अशी: साधं (ॲड्रिनलिन नसलेलं) लिग्नोकेन किलोमागे ४.५ मिलिग्रॅमपर्यंत, ॲड्रिनलिनसह असेल तर ७ मिलिग्रॅमपर्यंत. २ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. आईंच्या ५२ किलोला साध्याची मर्यादा २३४ मिलिग्रॅम येते, म्हणजे ११.७ मिलि. दंतवैद्यकातल्या १.८ मिलिच्या एका काडतुसात ३६ मिलिग्रॅम असतं. एका दाढेला एक, फार तर दोन काडतुसं लागतात, म्हणजे ७२ मिलिग्रॅम. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्याही आत. तेही हिरडीत आणि नसेभोवती, शिरेत नाही. एवढ्याने मायस्थेनिया बिघडत नाही. बिघाडाची शक्यता उभी राहते ती औषध चुकून शिरेत गेलं तर, किंवा ‘एकदाच सगळे खराब दात काढून टाकू’ म्हणून चारही बाजूंना टोचत सुटलं तर.

औषधाचा गट मात्र बघायचा. लिग्नोकेन, बुपिव्हाकेन, रोपिव्हाकेन, आर्टिकेन हे अमाइड गटातले. क्लोरोप्रोकेन, प्रोकेन हे एस्टर गटातले. एस्टर औषधं रक्तातल्या कोलिनेस्टरेज या विकराने मोडतात, आणि पायरिडोस्टिग्मिन ॲसिटिलकोलीन मोडणाऱ्या विकराबरोबर त्या विकरालाही अडवतं. त्यामुळे एस्टर रक्तात जास्त वेळ रेंगाळतं. दातांच्या दवाखान्यात आज इंजेक्शनने एस्टर कुणी देत नाही, पण दिवसाभरात घरी सोडायच्या छोट्या शस्त्रक्रियांना पाठीच्या मणक्यात क्लोरोप्रोकेन वापरतात, तिथे ही गोष्ट सांगून ठेवावी. जाता जाता: तासगाव, कवठेमहांकाळ भागात द्राक्षबागेवर ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं फवारणाऱ्यांचं हेच विकर खाली आलेलं असू शकतं, स्नायूंचा कुठलाही आजार नसताना. फवारणीच्या दिवसांत अशा माणसाला एस्टर किंवा सक्सिनिलकोलीन (पूर्ण भुलीत स्नायू सैल करणारं औषध, तेही याच विकराने मोडतं) देण्याआधी ‘शेवटची फवारणी कधी केली?’ हे विचारायला काहीच खर्च येत नाही.

आता आईंच्या बाबतीत प्रत्यक्ष काय करायचं. वेळ सकाळची घ्या, कारण या आजारात दिवस चढेल तशी ताकद उतरत जाते. गोळीचा असर अर्ध्या-पाऊण तासात सुरू होऊन एक ते दोन तासांत चढतो. साडेआठला हलक्या नाश्त्याबरोबर पायरिडोस्टिग्मिन, प्रेडनिसोलोनची नेहमीची गोळी न चुकवता, आणि साडेनऊ-दहाला खुर्चीत, असं बसवा. एवढ्या कामाला स्टेरॉइडचा जादा डोस सहसा लागत नाही, मात्र चालू गोळी बुडवायची नाही.

निघण्यापूर्वी घरीच दोन गोष्टी तपासा. एक, खोल श्वास घेऊन एकाच दमात, सेकंदाला साधारण दोन या गतीने, एकपासून मोठ्याने आकडे म्हणायला सांगा. वीस सहज ओलांडले तर ठीक. विसाच्या आत अडखळल्या तर त्या दिवशी दाढ नाही, आधी न्यूरोलॉजिस्ट. पंधराही झाले नाहीत तर वाट न बघता रुग्णालय. दुसरं, उताणं झोपून मान उचलून पाच सेकंद धरता येते का ते बघा, मानेचे आणि श्वासाचे स्नायू बहुतेकदा जोडीनेच थकतात. आवाज नाकातून येणं, पाणी पिताना ठसका लागणं, गेल्या काही महिन्यांत श्वासासाठी दाखल व्हावं लागणं, यातलं काही असेल तर काम जागा बधिर करूनच करायचं, पण व्हेंटिलेटर आणि भूलतज्ज्ञ हाताशी असतील अशा ठिकाणी. त्यासाठी पुणं गाठायची गरज नाही. कराड साताऱ्यापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे, सांगलीकडच्यांना मिरज आहे, आणि दोन्हीकडे वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत.

खुर्चीतलं काम दंतवैद्यांसाठी लिहितो. खुर्ची पूर्ण आडवी करू नका, पाठ ४५ अंशांच्या आसपास ठेवा. गिळणं कमजोर असलेल्या माणसाला आडवं पाडून तोंडात पाणी सोडलं की उरलेलं सगळं आपोआप घडतं. पायरिडोस्टिग्मिनमुळे लाळही जास्त सुटते, त्यामुळे सक्शन पूर्ण वेळ तोंडात हवं. घशात १० टक्के लिग्नोकेनचा फवारा मारू नका. एका फवाऱ्यात १० मिलिग्रॅम औषध असतं हा भाग आहेच, पण आधीच मंद असलेला ठसका त्याने पुरता झोपतो, ही मोठी अडचण. खालच्या जबड्याची नस एका वेळी एकाच बाजूची बधिर करायची. दोन्ही बाजूंची केली तर सगळी जीभ बधिर होते आणि लाळ कुठे चालली आहे हे रुग्णाला कळत नाही. सुई घातल्यावर मागे ओढून रक्त येत नाही ना बघा, आणि एक काडतूस किमान एका मिनिटात सोडा. सुई आत वळून चावण्याच्या स्नायूत गेली तर तोंड उघडेनासं होतं. निरोगी माणसात ते आठवड्या-दोन आठवड्यांत सुटतं, इथे चावण्याची ताकद मुळातच तोकडी असते. दातांमध्ये रबरी ठोकळा ठेवा म्हणजे जबड्याला स्वतः उघडं राहावं लागत नाही, आणि दर पाच-सात मिनिटांनी तोंड मिटू द्या.

ॲड्रिनलिन मायस्थेनियाला वर्ज्य नाही. उलट त्याने औषध जागेवर टिकतं आणि एकूण कमी लागतं. बाटलीवरचं प्रमाण मात्र वाचा, १:८०,००० आणि १:२,००,००० अशा दोन्ही बाटल्या बाजारात मिळतात. पहिल्यात मिलिमागे १२.५ मायक्रोग्रॅम ॲड्रिनलिन असतं, दुसऱ्यात ५. हृदय कमकुवत असेल तर एका बैठकीत ४० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये असा संकेत आहे, म्हणजे १:८०,००० ची दोन काडतुसंसुद्धा (४५ मायक्रोग्रॅम) त्यात बसत नाहीत. इंजेक्शननंतर छाती धडधडली की ‘मला भुलीची ॲलर्जी आहे’ असं रुग्ण जन्मभर सांगत फिरतात. ती धडधड बहुतेकदा याच ॲड्रिनलिनची असते.

दाढ निघाल्यावर आपण गॉजची घडी देतो आणि ‘अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा’ म्हणतो. मायस्थेनियाच्या रुग्णाला नेमकं हेच जमत नाही. दहा मिनिटांत जबडा सैल पडतो आणि रक्त थांबत नाही, किंवा घडी मागे सरकते. म्हणून टाका घालायचा आणि हनुवटीखाली तळहाताचा आधार देऊन बसायला सांगायचं. घडीला लांब दोरा बांधून टोक तोंडाबाहेर ठेवलं तर आणखी बरं. साडेबाराच्या गोळीला ओठ आणि अर्धी जीभ अजून बधिरच असते, ॲड्रिनलिनसह दिलेल्या लिग्नोकेनचा मऊ भागावरचा असर तीन ते पाच तास राहतो. ती गोळी टाळायची नाही. ताठ बसून, हनुवटी किंचित खाली घेऊन, छोट्या घोटाबरोबर घ्यायची. पाण्याने ठसका लागत असेल तर कोमट पेजेबरोबर. जेवण बधिरपणा गेल्यावर.

आणि आता चिठ्ठी. दाढ काढल्यावर मायस्थेनिया बिघडला तर इंजेक्शनला बोल लावण्याआधी अँटिबायोटिकचं नाव वाचावं. आपल्याकडे दात काढल्यावर सर्रास लिहिली जाणारी ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी या आजारात देऊ नये. ऑफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही सगळी एकाच कुटुंबातली औषधं नस-स्नायूच्या जोडावर थेट घाव घालतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये या गटाच्या वेष्टनावर मायस्थेनियाबद्दल सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. ॲझिथ्रोमायसिन आणि त्याची भावंडं त्याच माळेतली. जेंटामायसिन, अमिकासिन यांची इंजेक्शनं तर आणखी वाईट. क्लिंडामायसिनही जपून. अँटिबायोटिक खरंच लागणार असेल तर अमॉक्सिसिलिन, गरज असल्यास मेट्रोनिडाझोलबरोबर. दुखण्याला पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन चालतं, पण स्टेरॉइड चालू असताना पोट सांभाळून. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून प्रोप्रॅनोलॉल नको, शिरेतून मॅग्नेशियम नको, आणि ‘घाबरल्यात’ म्हणून झोपेचं इंजेक्शन तर मुळीच नको. ही चिठ्ठी दवाखान्यातून मेडिकलच्या दुकानात जाते आणि तिथे ‘त्याच्याऐवजी हे घ्या’ होतं, म्हणून नावं कागदावर लिहून तुमच्याच खिशात ठेवा.

मामेभावाच्या मुलाचं गणित वेगळं आहे. ड्यूशेनमध्ये नस-स्नायूचा जोड ठीक असतो, स्नायूच झिजतो, कारण पेशीचा पडदा धरून ठेवणारं डिस्ट्रोफिन प्रथिन नसतं. या मुलांना पूर्ण भुलीत सक्सिनिलकोलीन दिलं तर कमकुवत पेशी फुटून पोटॅशियम एकदम रक्तात येतं आणि हृदय थांबू शकतं. हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन या वायूंनीही स्नायू विरघळल्याची उदाहरणं आहेत. लिग्नोकेन यातलं काहीच करत नाही. जुन्या काळी ‘मॅलिग्नंट हायपरथर्मियाचा धोका असेल तर अमाइड गट नको’ (म्हणजे पूर्ण भुलीतल्या काही औषधांनी शरीर भयंकर तापण्याचा) असं शिकवलं जायचं, ते केव्हाच मागे पडलं आहे. जागा बधिर करणारी सगळीच औषधं तिथे चालतात. तरी जुनी टिपणं हातोहात फिरत राहतात.

नखासाठी अंगठ्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी १ टक्का साधं लिग्नोकेन, एकूण ३ मिलि, म्हणजे ३० मिलिग्रॅम. हा मुलगा स्टेरॉइडमुळे गुबगुबीत असेल, समजा काट्यावर ३८ किलो. हिशोब ३८ वर करू नका. रक्तात आलेलं औषध सुरुवातीला ज्यात मुरतं त्या कोठारांपैकी स्नायू हे मोठं कोठार, आणि याच्याकडे स्नायूच्या जागी चरबी आहे. उंचीनुसार अपेक्षित वजन, समजा ३० किलो, धरलं तर साध्याची मर्यादा १३५ मिलिग्रॅम येते, आणि मी त्यातूनही तिसरा हिस्सा सोडून देईन. ९० मिलिग्रॅमच्या तुलनेत ३० म्हणजे निवांत. सुईची धास्ती असेल तर लिग्नोकेन-प्रिलोकेनचं मलम एक तास आधी जाडसर थापून वर प्लास्टिक चिकटवा. ट्रायक्लोफॉसचं सरबत पाजून झोपवून करायचा मोह आवरा. या वयात श्वासाचे स्नायू आणि हृदय दोन्ही ओढत चाललेले असतात, आणि बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर ऑक्सिजन चालू असताना ९८ दाखवत राहतं, तरी आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो. गेल्या वर्षभरातला हृदयाचा इको (सोनोग्राफी) बघायचा. मुलगा उताणा झोपल्यावर दमत असेल तर खुर्चीत बसवून, पाय समोरच्या स्टुलावर घेऊन काम होतं.

या निमित्ताने इतर आजारांचंही सांगतो, कारण नियम सगळ्यांना एकच नाही.

पोटॅशियम घसरून येणाऱ्या नियतकालिक पक्षाघातात खलनायक लिग्नोकेन नाही, ॲड्रिनलिन आहे. ते पोटॅशियम रक्तातून पेशीत ढकलतं. दिवसभर उसाच्या फडात राबून रात्री लग्नाच्या पंगतीत भात-जिलेबी रेटून खाल्ली आणि पहाटे पाय उचलेनात, हे या आजाराचं नेहमीचं वर्णन, कारण साखरेमागून येणारं इन्सुलिनही तेच करतं. अशा माणसाला साधं लिग्नोकेन किंवा ३ टक्के मेपिव्हाकेन (तेही ॲड्रिनलिनशिवाय) द्या. साध्या लिग्नोकेनचा दाताच्या गरावरचा असर पाच-दहा मिनिटांतच ओसरतो हे धरून हात चालवा. ‘अशक्तपणा वाटतोय’ म्हणून ग्लुकोजची सलाईन लावू नका. झटका आलाच आणि शिरेतून पोटॅशियम द्यायची वेळ आली तर ते डेक्स्ट्रोजमध्ये मिसळलं की पातळी आणखी खाली जाते. पोटॅशियम चढून येणाऱ्या प्रकारात उलट, उपाशी ठेवणं आणि गारठा टाळायचा.

मायोटोनिक डिस्ट्रॉफीत मूठ आवळली की सुटत नाही. इथे इंजेक्शन चालतं, पण खोली उबदार हवी. डिसेंबरात महाबळेश्वर-पाचगणीच्या गारठ्यातून थेट एसीत आणून झोपवलं तर थरथर आणि मायोटोनिया (स्नायू आखडून न सुटणं) दोन्ही सुरू होतात. ईसीजी आधी बघा, हृदयातल्या विद्युतवहनाचे अडथळे या आजारात फार. आणि रुग्ण मेक्सिलेटिन घेतो का हे विचाराच. ते लिग्नोकेनचंच तोंडावाटे घ्यायचं भावंड आहे, दोघांची विषबाधा एकत्र मोजली जाते, म्हणून इंजेक्शनची मात्रा निम्म्यावर आणा.

मॅकार्डलच्या आजारात (स्नायूला साठवलेली साखर वापरता येत नाही) हाता-पायाला रक्त अडवणारा पट्टा आवळू नये. मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या) आजारांत बुपिव्हाकेन कमीत कमी. चार्को-मारी-टूथ या नसांच्या आनुवंशिक आजारात आधीचा बधिरपणा आणि अशक्तपणा कागदावर लिहून मगच सुई, नाहीतर नंतर दोष कुणाचा हे ठरत नाही.

भूल देणाऱ्या सहकाऱ्यांसाठी तीनच गोष्टी. श्वासाची राखीव ताकद कमी असलेल्या रुग्णाला मानेतून इंटरस्केलिन ब्लॉक (हाताच्या नसा मानेपाशी बधिर करणं) देऊ नका. नेहमीच्या मात्रेत त्या बाजूची, श्वासपटल हलवणारी फ्रेनिक नस जवळजवळ हमखास सापडते आणि अर्धं श्वासपटल बंद पडतं. कोपराखालच्या कामाला काखेतून द्या. पट्टा बांधून शिरेत लिग्नोकेन भरायची पद्धत मायस्थेनियात टाळा, पट्टा सुटताक्षणी भरलेल्या औषधाचा बराच हिस्सा एकदम रक्तात येतो. आणि स्नायूचा तुकडा तपासायला घ्यायचा असेल तर औषध कातडीत आणि तिच्याखालच्या थरातच सोडा, तुकडा घ्यायच्या स्नायूत नाही. बुपिव्हाकेन तर स्नायूपेशी स्वतःच मारतं, मग सूक्ष्मदर्शकाखाली आजार दिसतोय की आपलं इंजेक्शन, ते कळत नाही.

लिग्नोकेनची विषबाधा झालीच तर सुरुवात ओठाभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण, जड जीभ अशी होते. मायस्थेनियात जीभ अशीही जड असते, म्हणून इंजेक्शनआधी रुग्णाशी दोन मिनिटं बोलून त्याचं नेहमीचं बोलणं कानात भरून घ्या. कार्बन डायऑक्साइड साठलेला असेल तर आकडी कमी मात्रेतही येते, त्यामुळे पहिलं काम मास्क लावून श्वास देणं. मग २० टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं चरबीचं पांढरं द्रावण): किलोमागे १.५ मिलि दोन-तीन मिनिटांत, पुढे किलोमागे मिनिटाला ०.२५ मिलि. आईंच्या वजनाला ७८ मिलि आणि मग मिनिटाला १३ मिलि. दिसायला तसंच पांढरं असलं तरी प्रोपोफॉल हे भुलीचं औषध त्याच्या जागी चालत नाही. हृदय थांबलं तर ॲड्रिनलिन किलोमागे एक मायक्रोग्रॅमच्या आत, नेहमीचं एक मिलिग्रॅम नाही.

मुलाच्या दप्तरात आणि वडिलांच्या पाकिटात मराठी-इंग्रजी दोन्हीत एक चिठ्ठी लॅमिनेट करून ठेवा: ड्यूशेन आहे, सक्सिनिलकोलीन आणि भुलीचे वायू देऊ नयेत, लिग्नोकेन चालतं. आईंच्या चिठ्ठीवर गोळ्यांच्या वेळा आणि वरची नको असलेली अँटिबायोटिकं लिहा. शेवटची ओळ न्यूरोलॉजिस्टच्या फोन नंबरची.